अंगापुरता ऑगस्ट

दिल्लीत उष्णता विकायला बसलेला माणूस उपाशी मरेल, असं कुणालाही वाटेल. ज्या गावात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं ‘गार’ पाणी अंगावर घेतलं की माणूस ओरडतो, स्कूटरच्या सीटवर बसण्याआधी ओलं फडकं मारावं लागतं आणि दुपारी कुत्रीसुद्धा एटीएमच्या दाराला पाठ लावून पडतात, तिथे आणखी ऊब पैसे मोजून कोण घेणार? पण गिऱ्हाईक आहे. जूनमधल्या सकाळी सहाच्या सुमारास लोदी गार्डनमध्ये शीश गुंबदाच्या बाजूने चक्कर मारली की ते भेटतं. दिसण्याआधी ऐकू येतं. रेनकोट घालून कुणी जिना चढावा तसा फसक फसक आवाज. मग मनगटाला आणि घोट्याला इलॅस्टिक असलेला, चेन हनुवटीपर्यंत ओढलेला, काळा चकचकीत सॉना सूट, आणि वरून बाहेर आलेला एक लालबुंद चेहरा. दोन चकरा झाल्या की गृहस्थ थांबतात, बाहीचं इलॅस्टिक बोटाने ओढतात आणि हात खाली सोडतात. आत साठलेलं पाणी धार धरून गवतावर पडतं. लोणी कढवून पहिलं तूप गाळताना घरची बाई ज्या समाधानाने भांड्यात बघते, त्याच समाधानाने ते त्या धारेकडे बघतात. कारण त्यांच्या हिशेबी ते तूपच असतं. पोटावर साठलेलं, उष्णतेने पातळ झालेलं आणि बाहीतून गाळलेलं.

ही धार म्हणजे तूप नव्हे, हे कळायला शरीरशास्त्र लागत नाही. दिल्लीत एक उन्हाळा काढलेला असला की पुरे. मटक्यातलं पाणी गार का होतं, ते इथल्या पोरालाही ठाऊक असतं. मडकं पाझरतं, पाझरलेलं पाणी वाऱ्याने वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर हे त्याच मडक्याचं पत्र्याचं भावंड. मेमध्ये लू सुटली, हवा पापडासारखी कोरडी झाली, की हा कूलर एसीच्या तोंडात मारेल असा चालतो. जुलैत पाऊस पडतो, इथले लोक जिला ‘उमस’ म्हणतात ती चिकचिक सुरू होते, आणि तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा नुसता ओला वारा फेकत बसतो. हवाच पाण्याने भरलेली, मग पाणी वाळणार कुठे? घामाचं गणित अगदी हेच. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. नुसता ओघळला तर जवळपास काहीच नेत नाही. सॉना सूटचं सगळं कर्तृत्व घाम वाळू न देण्यात आहे. म्हणजे मटक्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची, कूलरच्या जाळ्यांवर ताडपत्री टाकायची आणि किती पाणी गळलं ते मोजायचं. दिल्लीकर वर्षभर ज्या ऑगस्टच्या नावाने बोटं मोडतो, तोच ऑगस्ट हा सूट अंगापुरता शिवून देतो. चेन ओढली की चालू.

त्या ५८० च्या आकड्याने मात्र बरीच दिशाभूल होते. लिटरभर घाम गाळला की ५८० कॅलरी ‘गेल्या’, असा हिशेब ऐकायला मिळतो. गेल्या खऱ्या, पण कुठल्या? स्नायू जे इंधन जाळतात त्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीला लागतो, बाकीच्याची उष्णता होते. घाम ती बाहेर नेतो. जळायचं ते आधीच जळलेलं असतं, घाम हा मागाहून राख भरायला आलेला गडी. त्याला घरातच कोंडून ठेवलं म्हणून चुलीत लाकूड जास्त जळत नाही, घरभर राख मात्र होते.

स्वयंपाकघरात तर हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. पातेल्यावर झाकण ठेवा, गॅस वाचेल, हे पेट्रोलियम बचतीच्या सरकारी जाहिराती इतकी वर्षं सांगत आल्या आणि त्याही आधी आपल्या आज्या सांगत होत्या. झाकणाने डाळ लवकर शिजते, सिलिंडर लवकर संपत नाही. सूटवाल्या गृहस्थांचा घोळ इथेच झाला आहे. त्यांना वाटतं, झाकण घातलं की सिलिंडर भराभर रिकामा होईल. त्यांची चरबी हा सिलिंडर. डाळ म्हणजे ते स्वतः. ऊब धरून ठेवणारा कपडा हा मुळात इंधन वाचवण्यासाठीच माणसाने शोधला. घोंगडी, गोधडी, रजई यांचा धंदा तोच. सूटसारखेच घाम काढायला विकले जाणारे पट्टे आणि चड्ड्या ज्या नियोप्रीनच्या असतात, ते कृत्रिम रबर अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत १९३० साली तयार झालं आणि पुढे थंड समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या अंगावर चढलं, बिचारे गारठून जाऊ नयेत म्हणून. ते आता नोएडाच्या सेक्टरांमध्ये ४४ अंशांत ट्रेडमिलवर पळतं आहे. कपड्याच्या जोरावर कॅलरी जाळायच्याच असतील तर उलटा मार्ग आहे: कपडे काढा आणि जानेवारीतल्या पहाटे चार-पाच अंशांत कर्तव्यपथावर बनियनवर उभे राहा. जोराची हुडहुडी भरली तर शरीर नुसतं बसल्यापेक्षा कित्येक पट इंधन जाळतं, कारण आता त्याला खरोखरच शेकोटी पेटवायची असते. पण जानेवारीत हेच गृहस्थ मफलर, दोन स्वेटर आणि मंकी कॅप घालून फक्त डोळ्यांनी व्यायाम करत असतात. (थंडीत सुरुवातीला अंग गरम होईपर्यंत जाकीट घालणं शहाणपणाचंच. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ते जूनमध्ये घालण्याबद्दल आहे.)

या सगळ्यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. घामाला आपण फार मान दिला. कष्टाचा पैसा तो निढळाच्या घामाचा, काम करणं म्हणजे घाम गाळणं. परिणामी ‘घाम’ आणि ‘मेहनत’ हे एकच आहेत असं डोक्यात पक्कं बसलं, आणि निढळावरचा घाम पोटावर आणला की पोटही मेहनत करू लागेल, ही पुढची पायरी झाली. पण हीच भाषा ‘घाम फुटला’ असंही म्हणते, आणि तो परीक्षेच्या निकालाने, साहेबांच्या फोनने किंवा हप्त्याची तारीख आठवूनही फुटतो. तेवढ्याने कोणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही. घामाने चरबी जात असती तर जूनमध्ये रात्रभर वीज गेल्यावर गाझियाबादच्या अर्ध्या सोसायट्या सकाळी शिडशिडीत होऊन ऑफिसला निघाल्या असत्या. चांदनी चौकात दिवसभर कढईसमोर बसून जिलेब्या तळणारा हलवाई तर देशातला सर्वांत सडपातळ माणूस ठरला असता. हलवायाच्या पोटाबद्दल लोकमत काय आहे ते सर्वांना माहीत आहे.

आता पहिला आक्षेप, आणि तो तगडा आहे: वजनकाटा. सूट घालून तासभर पळा, काट्यावर उभे राहा, किलोभर कमी भरतं. काटा खोटं बोलत नाही. नाहीच बोलत, पण काटा फक्त किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते सांगत नाही. आणि दिल्लीच्या परिसराइतकी या विषयाची जाणती माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत, कारण कुस्ती इथली, हरियाणा शेजारी आणि वजन उतरवणं ही इथल्या पैलवानांची जुनी कसरत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये छत्रसाल स्टेडियमचा अमन सेहरावत उपांत्य फेरीनंतर काट्यावर साडेएकसष्ट किलो भरला. गट ५७ किलोचा. पुढच्या सुमारे १० तासांत त्याने ४.६ किलो उतरवले आणि दुसऱ्या दिवशी कांस्यपदक घेतलं. आता हे ४.६ किलो चरबीचे होते असं धरून बघू. किलोभर चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी, म्हणजे एकूण पस्तीस हजारांवर. त्याच्या वजनाच्या माणसाला एक मॅरेथॉन धावायला अडीच हजारांच्या आसपास लागतात. थोडक्यात, त्या रात्री त्याने चौदा मॅरेथॉन धावून काढल्या असं मानावं लागेल, नाहीतर ते बहुतांशी पाणी होतं असं. पैलवानाला हे पक्कं ठाऊक असतं. काट्यावरून उतरला की त्याचा हात पहिल्यांदा पाण्याच्या बाटलीकडे जातो, कारण जे उतरवलं ते त्याला लगेच परत हवं असतं. त्याला बारीक व्हायचं नसतं, सकाळच्या दोन मिनिटांपुरतं हलकं दिसायचं असतं. बागेतले गृहस्थ मात्र पैलवानाची ही उसनवारी बघून आपण मुदत ठेव मोडतो आहोत असं समजतात, आणि गेटबाहेर शिकंजीचे दोन ग्लास रिचवून सगळी रक्कम व्याजासकट परत भरतात.

ही उसनवारी किती बेभरवशाची असते तेही त्याच ऑलिंपिकने दाखवलं. विनेश फोगाट पहिल्या दिवशी सकाळी ५० किलोत बसली, तीन कुस्त्या जिंकली, आणि दिवसभराच्या खाण्यापिण्यानंतर तिचं वजन २.७ किलोंनी जास्त भरलं. एका दिवसात इतकी चरबी कुणी कमवू शकत नाही. शरीर आपलं पाणी परत मागत होतं. रात्रभर व्यायाम झाला, सॉना झाला, शेवटी केस कापले. ७ ऑगस्टच्या सकाळी १०० ग्रॅम उरले ते उरलेच, आणि अंतिम फेरी तिच्या हातची गेली. जगातले निष्णात लोक, डॉक्टर, प्रशिक्षक मदतीला असताना हे होतं. कोणी नसताना काय होतं, ते अमेरिकेने १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाहिलं. तीन कॉलेज पैलवान जेमतेम महिन्याभरात दगावले. तिघेही हवा न जाणारे सूट घालून, गरम खोल्यांत, वजन उतरवण्यासाठी व्यायाम करत होते. लगेच १९९८ च्या जानेवारीत तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि सॉना यांच्यावर बंदी घातली. बंदी आलेली ही चीज आपल्याकडे ‘फिटनेस’च्या कप्प्यात, दोरीवरच्या उड्यांच्या दोरीशेजारी टांगलेली असते.

मग चरबी जाते तरी कुठून? याचं उत्तर २०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या दोघांनी चोख हिशेबासकट मांडलं, आणि ते डॉक्टरांपैकीही अनेकांना ठाऊक नव्हतं. १० किलो चरबी पुरती जळली तर तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे आपलं पोट मुख्यत्वे नाकावाटे कमी होतं. सूट बांधायचा तर नाकाला बांधायला हवा होता. दिल्लीच्या नोव्हेंबरमध्ये तेही करून झालेलं आहे, पण ती वेगळी भानगड, तिथे प्रश्न बाहेर काय जातं याचा नसून आत काय येतं याचा असतो. मुद्दा असा की जास्त कार्बन बाहेर टाकायचा तर जास्त वेळ, जास्त जोराने हलायला हवं. आणि सूट नेमकं तेच करू देत नाही. उघड्या अंगाने पाच चकरा मारणारा माणूस सूटमध्ये तिसऱ्या चकरेला बाकावर टेकतो. कॅलरी उरलेल्या दोन चकरांत होत्या.

दुसरा आक्षेप मनगटावर बांधलेला असतो. घड्याळ म्हणतं, काल तेवढ्याच चकरांना २८० कॅलरी, आज सूट घालून ३६०. हा पुरावा आकड्यात असल्यामुळे त्याच्यापुढे भलेभले मान तुकवतात. पण घड्याळ कॅलरी मोजत नाही, मुख्यतः नाडी मोजतं आणि तिच्यावरून अंदाज बांधतं. उष्णतेत हृदयाला एकाच वेळी दोन दुकानं चालवावी लागतात, स्नायूंना रक्त पुरवायचं आणि कातडीलाही, गारवा मिळावा म्हणून. घामाने रक्तातलं पाणीही कमी झालेलं. म्हणून ते जोरात धडधडतं. घड्याळाला वाटतं, वा, गडी काय पळतोय! दिल्लीकरांना हे नवं वाटायला नको. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने तपासून सांगितलं की तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. सरकारी खातं आपला सेन्सर चुकला असं जाहीर कबूल करतं. मनगटावरच्या कंपन्यांनी अजून तरी एखाद्या गृहस्थाला पत्र लिहून ‘तुमच्या ऐंशी कॅलरी आमच्या चुकीने जास्त लागल्या, क्षमस्व’ असं कळवलेलं नाही.

आता न्यायाला धरून एक गोष्ट मान्य करायला हवी. अंग तापलं की शरीराची भट्टी थोडी जोरात चालते, हे खरं आहे. तापात माणूस वाळतो तो काही अंशी याच कारणाने. एक अंश सेल्सियस ताप चढला की खर्च दहा-तेरा टक्क्यांनी वाढतो असा वैद्यकातला ठोकताळा आहे. म्हणजे सूट हा एक प्रकारे भाड्याने घेतलेला ताप. उदार मनाने हा सगळा दहा टक्क्यांचा लाभ सूटवाल्यांच्या पदरात घालू. तासभर भरभर चालण्याच्या ३०० कॅलरींवर वरकमाई झाली ३० ची. पार्ले-जीचं एक बिस्किट आणि वर थोडा चुरा. सरोजिनी नगरच्या छोले-भटुऱ्यांसमोर हा आकडा उभा करायलाही लाज वाटते. दुसरी मान्य करण्याजोगी गोष्ट म्हणजे सराव. उष्ण देशात स्पर्धा असेल तर खेळाडू आधी दहा ते चौदा दिवस उष्णतेत सराव करतात. त्याने रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, उन्हाचा त्रास कमी होतो. थंड देशातल्या खेळाडूने त्यासाठी सूट वापरला तर समजण्यासारखं आहे. पण तो सराव उष्णता सोसण्याचा, पोट घटवण्याचा नव्हे. आणि तो दिल्लीत विकत घ्यायचा म्हणजे ‘उलटे बाँस बरेली को’. इथे मेमध्ये नुसतं रांगेत उभं राहिलं तरी अभ्यासक्रम पूर्ण होतो. घामातून शरीरातलं ‘विष’ निघून जातं, हाही एक लाडका मुद्दा आहे. घामात पाणी आणि मीठ सोडून फारसं काही नसतं, विषाचं खातं मूत्रपिंडं आणि यकृत सांभाळतात, आणि मूत्रपिंडाला त्या कामासाठी पाणीच लागतं, जे आपण बाहीतून गवतावर ओतलं.

कुणी म्हणेल, परंपरेत काहीतरी असेलच. परंपरा बघायची तर ती थेट लंगोटाशी जाऊन थांबते. या देशात सर्वांत जास्त घाम कुणी गाळला असेल तर तालमीतल्या पैलवानाने, आणि त्याच्या अंगावर कपडा किती? कोल्हापूरच्या तालमीत असो की दिल्लीत रोशनाराजवळच्या गुरू हनुमानांच्या आखाड्यात, जोर-बैठका आणि कुस्ती लंगोटावरच. मल्लखांबही तसाच. घाम सुटला तर अंगावर माती चोळायची, तीही घाम टिपायला आणि पकड बसायला. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले, ते याच लंगोटाच्या शाळेतून. हलकं राहण्याचा धडा तर मराठी माणसाला दिल्लीच्याच वाटेवर मिळालेला आहे. १७३७ साली बाजीराव सडा आला, दिल्लीला हादरा देऊन निघून गेला. १७६१ साली आपण कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि बाजारबुणगे घेऊन आलो. पानिपत आता एनसीआरमध्येच मोडतं.

राम मनोहर लोहिया रुग्णालयात २०२४ च्या उन्हाळ्यात उष्माघाताच्या रुग्णांसाठी खास कक्ष सुरू झाला. तिथे मोठे टब आहेत आणि बर्फ तयार करणारं यंत्र आहे. अंगाचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेल्या माणसाला त्या बर्फाच्या पाण्यात बुडवतात, कारण तेव्हा मिनिटं मोजायची असतात. तिथे बहुतेक करून येतो तो मजूर, रिक्षावाला, ज्याला उन्हात काम करण्याला पर्याय नव्हता. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकीकडे माणसाच्या अंगातून उष्णता काढायला सरकार बर्फ तयार करतं आणि दुसरीकडे ती अंगात कोंडायला माणूस पैसे मोजतो.

एवढं होऊनही सूट टाकून द्या असं सुचवायचं नाही, पैसे दिलेले आहेत. तो पावसाळ्यापर्यंत जपून ठेवावा. जुलैत पहिला जोराचा पाऊस होतो, कॅनॉट प्लेसजवळ मिंटो ब्रिजखाली एखाद्या वर्षी तळं साचतं, बस छतापर्यंत बुडाल्याचे फोटो छापून येतात. त्या वेळी मनगटाला इलॅस्टिक, घोट्याला इलॅस्टिक, चेन हनुवटीपर्यंत आणि पाण्याचा थेंब आत-बाहेर होणार नाही असा कपडा ज्याच्याकडे असेल, तोच कोरडा पलीकडे जाईल. सोबत नियोप्रीनचा पट्टा असला तर उत्तमच. उशिरा का होईना, तो पुन्हा पाण्यात उतरेल.